लुकलुकणारे चाक आणि अंधारातला सायकलस्वार

धागा.

सायकलच्या चाकात बसवायचे रंगीत दिवे आता तालुक्याच्या बाजारातही सहज मिळतात. व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी फिरवून बसवायचा दिवा, तारांमध्ये गुंफायची पट्टी, सीटखाली लावला की रस्त्यावर दोन तांबड्या रेघा उमटवणारा लेसर, आणि हॉर्नसकट येणारा तांबडा-निळा लुकलुकता 'पोलीस' दिवा. यांच्यामुळे सायकलस्वार सुरक्षित होतो, की समोरून येणाऱ्याचे डोळे भलतीकडेच वेधले जातात? प्रश्न आजचा वाटतो. प्रत्यक्षात तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे : अंधारात दिसण्याची जबाबदारी कोणाची? आजचा धागा या दोन्हींविषयी.

गोष्टीचा आरंभ इंग्लंडमध्ये होतो, कारण सायकल आणि सायकलच्या दिव्याचा कायदा ही दोन्ही तेथूनच आपल्याकडे आली. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने जवळपास सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने केलेल्या स्थानिक शासन कायद्यातील एका कलमाने सायकलीला 'गाडी'चा दर्जा दिला. रस्त्यावर तिचा हक्क मान्य झाला, आणि हक्काबरोबर बंधनेही आली. सूर्यास्तानंतर एका तासाने दिवा लावायचा आणि सूर्योदयाच्या एक तास आधीपर्यंत तो जळता ठेवायचा. त्या कलमाचे शब्द नीट वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. दिव्याचा उजेड पुढच्या दिशेने पडावा असे कायदा सांगतो. पण तो कशासाठी, तर गाडी येत आहे आणि ती अमुक ठिकाणी आहे हे इतरांना कळावे म्हणून. रस्त्यातले खड्डे दिसावेत म्हणून नव्हे. म्हणजे सायकलचा दिवा कायद्याच्या दृष्टीने पहिल्यापासून एक खूण होता. उजेडाचे साधन तो नंतर झाला.

हेच १८८८ साल मराठी उद्योगाच्या इतिहासातही ठळक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असताना बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. पुढे नांगर, चरक, पंप आणि किर्लोस्करवाडी असा जो विस्तार झाला, त्याचे मूळ या दुकानात आहे. त्या काळच्या मराठीत सायकलीला 'पायगाडी' असाही शब्द होता. तो टिकला नाही याची मला थोडी खंत वाटते.

या पायगाडीचा पहिला दिवा तेलाचा होता. चाकांवर चढवलेली चिमणीच म्हणा. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्युकसने 'किंग ऑफ द रोड' या भारदस्त नावाने असे दिवे विकून मोठा कारखाना उभारला. पण नाव काहीही असले तरी ज्योत ती ज्योत. खड्डा आला की फडफडायची, वाऱ्याच्या झोताने विझायची, काच काजळायची.

मग कार्बाइडचा दिवा आला. कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत १८९२ च्या सुमारास हाती लागली आणि त्या दशकाच्या अखेरीस ते सायकलच्या दिव्यात येऊन बसले. या दिव्याला दोन कप्पे असत. वरच्यात पाणी, खालच्यात कार्बाइडचे खडे. वरची चावी किंचित फिरवली की पाणी थेंबाथेंबाने खड्यांवर पडे, ॲसिटिलीन वायू तयार होई आणि बारीक तोटीतून बाहेर पडून लख्ख पांढऱ्या ज्योतीने जळे. पाणी जास्त सोडले तर ज्योत भडके, कमी सोडले तर मंदावे. घरी आल्यावर खालच्या कप्प्यात उरलेला चुन्याचा ओला लगदा खरवडून काढावा लागे, आणि लसणासारखा उग्र वास हाताला राही. एवढा खटाटोप लोक करीत, कारण या दिव्याने प्रथमच सायकलस्वाराला पुढचा रस्ता खरोखर दिसू लागला. मात्र याच टप्प्यावर समोरच्याचे डोळे दिपण्याची तक्रारही जन्माला आली. दिसणे आणि दिपवणे यांतील अंतर फार थोडे आहे. आजच्या एलईडीपुढे आपण जे म्हणतो, तेच आजोबा-पणजोबांच्या पिढीने कार्बाइडपुढे म्हटलेले आहे.

आता वादाच्या खऱ्या गाभ्याकडे. १८८८ चा कायदा पुढच्या दिव्याचा होता. मागच्या दिव्याची सक्ती त्यात नव्हती. त्या काळी रस्त्यावर सायकलीहून वेगवान असे फारसे काही नव्हते, त्यामुळे मागून येऊन कोणी धडकेल ही भीतीच नव्हती. मोटार आली आणि चित्र उलटले. मोटारवाल्यांची मागणी सुरू झाली की सायकलीला मागेही तांबडा दिवा हवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये तशी सक्ती झाली, युद्धानंतर ती उठली, आणि १९२० च्या दशकात वाद पेटला.

सायकलस्वारांच्या संघटनेने, म्हणजे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने, या मागणीला कडवा विरोध केला. वरवर पाहता हा हट्टीपणा वाटतो. स्वतःच्याच जिवासाठी एक दिवा लावायला काय हरकत? पण त्यांचा युक्तिवाद मुळातून समजून घेण्यासारखा आहे. मोटारवाल्याने आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्या अंतरात गाडी थांबवता येईल अशाच वेगाने चालवावे, ही त्यांची भूमिका होती. रस्त्यावर पादचारी असतो, गुरे असतात, पडलेले झाड असते. यांपैकी कोणाच्याही पाठीला दिवा नसतो. सायकलस्वाराला एकदा मागचा दिवा सक्तीचा केला, की पुढच्या अपघातात पहिला प्रश्न 'मोटार किती वेगात होती' हा न राहता 'सायकलीला दिवा होता का' हा होईल. जबाबदारी मारणाऱ्याकडून मरणाऱ्याकडे सरकेल. दिव्याची बॅटरी संपली, वात विझली, तार तुटली, तर दोष सायकलस्वाराचा.

१९२७ च्या कायद्याने तडजोड केली : मागे तांबडा दिवा किंवा तांबडा परावर्तक, दोहोंपैकी एक चालेल. १९३४ मध्ये मागच्या मडगार्डवर पांढऱ्या पट्ट्याची भर पडली. मग १९३९ चे युद्ध आले, ब्लॅकआउट आला. पहिल्याच महिन्यात ब्रिटनमधील रस्त्यांवरचे मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या दुपटीजवळ गेले. मोटारींचे दिवे झाकलेले असल्यामुळे परावर्तक कुचकामी ठरला, कारण त्याला चमकायला दुसऱ्याचा उजेड लागतो. मागचा दिवा सक्तीचा झाला, आणि १९४५ च्या कायद्याने ती सक्ती शांततेच्या काळातही कायम राहिली. ज्या गोष्टीवर वीस वर्षे वाद चालला, तिचा निकाल अखेर युद्धातील अंधाराने लावला.

त्या संघटनेचा पराभव झाला हे खरे. तिचे भाकीत मात्र चुकले असे म्हणवत नाही. आजही आपल्याकडे रात्री सायकलस्वार चिरडला गेला की गर्दीतून पहिले वाक्य बहुधा त्याच्या दिव्याबद्दलच येते. मागून येणाऱ्या गाडीच्या वेगाविषयी कोणी विचारतो का, हे कधी लक्ष देऊन ऐकावे.

आपल्याकडे हा कायदा वाटावाटाने उतरला. मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात वाहनांच्या दिव्यांविषयीचे नियम पोलीस कायद्याच्या छत्राखाली होत. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा, त्याच्या ३३ व्या कलमाने रस्त्यावरील वाहनांना किती दिवे असावेत, ते कोठे असावेत आणि कोणत्या वेळेत लावावेत हे ठरवण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना दिला. 'वाहन' या शब्दात सायकलही येते. संख्या, जागा, वेळ. दिवा कसा असावा, स्थिर की लुकलुकता, हा विषय त्या शब्दरचनेत नाही. १९५१ साली लुकलुकणारा सायकलदिवा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात 'डबलसीट' आणि 'बिनदिव्याची सायकल' हे दोन गुन्हे दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत पक्के बसले आहेत. चौकात शिपाई दिसला की मागे बसलेल्याने उडी मारायची आणि दिवा नसलेल्याने उतरून सायकल हातात धरून चालायचे. चालणाऱ्याला दिवा लागत नाही!

दुसरबीडचा इतिहास थोडा वेगळा. हा भाग वऱ्हाडातला. १८५३ पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. बुलडाणा जिल्ह्याचे 'घाटाखाली' आणि 'घाटावर' असे दोन भाग लोक आजही बोलताना पाडतात. घाटाखाली मलकापूर-शेगावची रेल्वे फार पूर्वी आली. घाटावर मेहकर, लोणार, सिंदखेड राजाकडे ती अद्याप नाही. त्यामुळे आमच्याकडचे दळणवळण हे शुद्ध रस्त्याचे दळणवळण. मेहकरहून सुलतानपूर, बीबी, दुसरबीड, किनगाव राजा, सिंदखेड राजा आणि पुढे जालना असा हा रस्ता. जिजाऊंच्या जन्मगावाला जाणारे लोक तो ओळखतात. येथे जिजामाता सहकारी साखर कारखाना चालत असे, त्या दिवसांत गळिताच्या हंगामातल्या रात्री उसाच्या गाड्यांच्या असत.

आणि रात्रीच्या बैलगाडीचा दिवा म्हणजे आसाखाली टांगलेला कंदील. त्याविषयी थोडे थांबून लिहायला हवे. हा कंदील रस्ता उजळण्याच्या कामाचा नव्हता. बैलांना वाट ठाऊक असे आणि गाडीवान बहुधा पेंगत असे. पण तो गाडीच्या चालीबरोबर हेलकावे खाई. चाकांच्या आऱ्यांतून त्याचा उजेड तुटक होऊन बाहेर येई, बैलांच्या पायांच्या सावल्या रस्त्यावर लांबच लांब पडून हलत. दुरून पाहणाऱ्याला तो ठिपका पाहताच कळे की ही बैलगाडी आहे, ती कोणत्या बाजूला चालली आहे आणि साधारण किती सावकाश. घरातला स्थिर दिवा आणि गाडीखालचा झुलता दिवा यांत गल्लत होत नसे. कोणी मुद्दाम शोधून काढलेली ही युक्ती नव्हती. कंदील टांगायला तीच जागा सोयीची होती, इतकेच. पण तिने एक काम केले, जे आजचे अनेक महागडे दिवे करीत नाहीत. तिने नुसते 'येथे काहीतरी आहे' असे न सांगता 'येथे बैलगाडी आहे' असे सांगितले.

या फरकाला पुढे विज्ञानाने नाव दिले. १९७३ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी माणसांच्या खांद्यांना, कोपरांना, गुडघ्यांना आणि घोट्यांना चमकते ठिपके लावून अंधारात त्यांचे चित्रीकरण केले. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्याला काहीच बोध होत नसे. माणूस चालू लागला की क्षणार्धात कळे : हा माणूस चालतो आहे. सांध्यांची लय आपला मेंदू जवळजवळ आपोआप ओळखतो.

याच सूत्रावर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रीच्या बंद रस्त्यावर प्रयोग केले, त्यांतील एक २०१२ साली प्रसिद्ध झाला. मोटार चालवणाऱ्याने सायकलस्वार 'ओळखला' की तसे सांगायचे. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार शेकडा २ वेळा ओळखला गेला. दिवसा झगमगणारे चमकदार पिवळे जाकीट घातलेला शेकडा १५. कारण ते जाकीट चमकते अतिनील किरणांनी, आणि रात्री ते नसतात. परावर्तक पट्ट्यांचे जाकीट घातले तर ५०. आणि त्याच जाकिटाबरोबर गुडघ्यांना व घोट्यांना परावर्तक पट्ट्या बांधल्या तर ९०. हॅण्डलवरच्या दिव्याने, तो स्थिर असो वा लुकलुकता, या ओळखण्यात म्हणण्यासारखी भर पडली नाही. गाडीखाली झुलणारा कंदील आणि पेडल मारणाऱ्या पायाचा घोटा, दोघांचे काम एकच.

मधल्या काळातल्या डायनामोविषयी चार ओळींत. टायरला घासून फिरणारी ती बाटली सहा व्होल्टची वीज देई, तेल-कार्बाइडची कटकट संपवी, पण पाय जड करी. आणि तिचा मोठा दोष असा की सायकल थांबली की दिवाही विझे. म्हणजे चौकात, वळणावर, रस्ता ओलांडण्यापूर्वी थांबल्यावर, जिथे दिसणे सर्वांत गरजेचे तिथेच अंधार. म्हणून खेड्यात अनेकांनी डायनामोऐवजी हॅण्डलला विजेरीच बांधली. पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल-संग्रहालयात जुन्या सायकली आणि त्यांचे साहित्य पाहायला मिळते. कोणी पुण्यात असेल तर जरूर जावे.

एलईडीने सगळे बदलले. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी तांबडा एलईडी दाखवला. निळा यायला तीस वर्षे गेली आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. तांबडा आधी आणि निळा नंतर, हा क्रम आपल्या विषयात महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सायकलीच्या मागे तांबडे एलईडी लुकलुकू लागले, कारण लुकलुकल्याने बॅटरी पुष्कळ जास्त टिकते. लुकलुकण्याचे मूळ काटकसरीत आहे. सुरक्षेचा युक्तिवाद मागाहून चिकटला. पुढे निळा आणि पांढरा स्वस्त झाला, आणि हवा तो रंग हव्या त्या लयीत चाकावर नाचवता येऊ लागला.

लुकलुकणाऱ्या दिव्यांबाबत देशोदेशींचे कायदे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ब्रिटनमध्ये ते सायकलीवर २००५ पर्यंत नियमबाह्य होते. त्या वर्षी मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकण्याच्या मर्यादेत परवानगी मिळाली. जर्मनीत सायकलीला लुकलुकता दिवा आजही चालत नाही. दोन्ही बाजूंना आधार आहे. लुकलुकणे लक्ष वेधते यात शंका नाही. पण लक्ष वेधल्यानंतर पाहणाऱ्याला ठरवायचे असते की ही वस्तू किती दूर आहे आणि किती वेगाने जवळ येते आहे. त्यासाठी डोळ्याला सलग माहिती लागते. प्रत्येक उघडझापेबरोबर ती तुटते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे दीपगृह आठवते. खांदेरी आपल्याला शिवकाळामुळे माहीत आहे. १६७९ साली महाराजांनी ते बेट बांधायला घेतले, आणि मुंबईच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या त्या दुर्गाने इंग्रजांची झोप उडवली. त्याच बेटावर १८६७ साली ब्रिटिशांनी दीपगृह उभारले. दीपगृहाचा दिवाही लुकलुकतोच. पण प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी आणि ठरलेली असते, आणि ती लय नाविकाजवळच्या यादीत लिहिलेली असते. अमुक सेकंदांनी अमुक झोत म्हणजे हे बेट, दुसरे नव्हे. तेथे लुकलुकणे ही भाषा होती, कारण शब्दकोश दोन्हीकडे एकच होता.

रस्त्यालाही असा एक तोकडा शब्दकोश आहे. पुढे पांढरा, मागे तांबडा, वळायचे तर पिवळसर लुकलुकणारा. दुरून दोन दिवे दिसले तर मोटार, एक दिसला तर दुचाकी. (एक दिवा फुटलेला ट्रक हा या व्याकरणातला जीवघेणा अपवाद, आणि तो आमच्या रस्त्यावर दुर्मीळ नाही.) तांबडा-निळा लुकलुकता म्हणजे पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन. महाराष्ट्रात तर दिव्याचा अर्थ राजकारणापर्यंत पोचला होता. 'लाल दिवा मिळाला' म्हणजे मंत्रिपद मिळाले, हे शेंबड्या पोरालाही कळे. १ मे २०१७ पासून केंद्राच्या निर्णयाने मंत्र्यांच्या गाड्यांवरचे ते दिवे उतरले. दिवा हा रस्त्यावरचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ सर्वांना एकच लागला पाहिजे, हे त्या निर्णयामागचे एक तत्त्व म्हणता येईल.

या कसोटीवर बाजारातले दिवे लावून पाहू. तांबडा-निळा 'पोलीस' दिवा सायकलीवर म्हणजे सरळ खोटा शब्द. तो दिसतो, पण समोरचा त्याला वेगळ्याच वाहनाची वाट करून देतो. सायकलीच्या पुढे लावलेला तांबडा दिवा त्याहून वाईट, कारण तांबडा म्हणजे पाठ. समोरच्याला वाटते की हे वाहन आपल्याच दिशेने चालले आहे. तारांमध्ये सप्तरंगी चित्रे उमटवणारी पट्टी बाजूने सुंदर दिसते, आणि चौकात आडवे जाताना तिचा खरा उपयोगही होतो, कारण तिथे पुढचा आणि मागचा दोन्ही दिवे जवळजवळ निरुपयोगी असतात. पण तिचा रंग दर क्षणाला बदलत असेल तर पाहणारा ते चित्र काय आहे हेच उलगडत बसतो. एकाच रंगाचा, चाकाबरोबर फिरणारा साधा दिवा त्यापेक्षा बरा; गोल फिरणारा ठिपका हे चाकच असू शकते, एवढे तरी तो सांगतो. रस्त्यावरच्या लेसर रेघांविषयी मला शंका आहे. सपाट डांबरावर त्या दिसतील. खड्डे आणि खडी असलेल्या रस्त्यावर त्या तुटून जातात, आणि समोरून प्रखर दिवे आले की राहतच नाहीत.

म्हणजे सगळे दिवे खेळणी आहेत असे नाही. डेन्मार्कमधील ओडेन्से येथे २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांवर एक मोठा प्रयोग झाला. काहींच्या सायकलींना चाकावरील चुंबकाने चालणारे, दिवसाही पेटते राहणारे दिवे लावले, बाकीच्यांना नाही. दिवे असलेल्यांच्या दुखापतीच्या अपघातांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघाले. अपघातांची माहिती सायकलस्वारांनी स्वतःच भरली होती, हे ध्यानात ठेवून आकडा वाचावा. तरी तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आणि हेही लक्षात घ्यावे की ओडेन्सेच्या रस्त्यांवर सायकल असणार हे मोटारवाल्याला गृहीतच असते. तिथे दिव्याने फक्त आठवण करून द्यायची असते. जिथे वाहनचालकाला रात्री सायकल अपेक्षितच नाही, तिथे दिव्यावर ओळख पटवण्याचाही भार येतो.

आमच्याकडे या सगळ्यावर सर्वांत स्वस्त उत्तर 'रेडियम' या नावाने मिळते. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात एक चुकलेला इतिहास साठला आहे. रेडियम हे मूलद्रव्य मारी आणि प्येर क्युरी यांनी १८९८ साली शोधले. त्याचा रंग घड्याळांच्या तबकड्यांवर लावला की आकडे अंधारात स्वतःहून उजळत. तो रंग ब्रशने भरताना ब्रशाचे टोक ओठांनी टोकदार करणाऱ्या अमेरिकन कारखान्यांतील मुलींच्या जबड्यांची हाडे झिजली, अनेक जणी दगावल्या. 'रेडियमचे घड्याळ' हा शब्द बहुधा तिथून आपल्या बोलण्यात आला आणि पुढे रात्री चमकणाऱ्या कशालाही चिकटला. दुकानात मिळणाऱ्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. तिच्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा बारीक कोन असतात आणि ते आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. ती स्वतः उजळत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, बैलगाडीच्या मागे, कधी बैलाच्या शिंगालाही ही पट्टी लावलेली दिसते.

२०२० साली केंद्र सरकारने सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता-नियंत्रणाचा आदेश काढला. पुढे पांढरा, मागे तांबडा, चाकांत बाजूचे आणि पेडलांना पिवळे, अशी ती मांडणी. यांतील पेडलांचे परावर्तक दिसायला क्षुल्लक. पण योहान्सन आणि वुड यांचे प्रयोग वाचल्यावर मला तेच सर्वांत मोलाचे वाटतात, कारण ते वरखाली होतात. वर्षभरात चिखलाने माखून किंवा फुटून जातात तेही तेच. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळालेल्या सायकली आमच्या रस्त्याला रोज दिसतात. हिवाळ्यात शिकवणी सुटेपर्यंत अंधार पडलेला असतो. अशा एखादीच्या पेडलावरचा पिवळा तुकडा ओल्या फडक्याने पुसायला पैसे लागत नाहीत, आणि घोट्याला बांधायची पट्टी लुकलुकत्या चाकाहून स्वस्त पडते.

मात्र परावर्तक दुसऱ्याच्या दिव्यावर जगतो. समृद्धी महामार्गावर सायकलीला प्रवेश नाही. ती जुन्याच रस्त्यावर राहिली, आणि त्या रस्त्यावर समोरून येणारा 'अप्पर' टाकूनच येतो. अशा उजेडात मागून येणाऱ्याला पुढची सायकल दिसत नाही, मग तिच्या चाकात सात रंग असोत की सत्तर. भारतातील रस्त्यांवर दरवर्षी चार हजारांहून अधिक सायकलस्वार मरतात. १९२० च्या दशकातल्या त्या संघटनेने विचारलेला प्रश्न, की दिसेल तेवढ्यात थांबता येईल इतक्याच वेगाने तुम्ही चालवता का, या आकड्यापुढे अजून अनुत्तरित उभा आहे. मुलीच्या पायाला पट्टी बांधताना हा प्रश्न विचारणे सोडून देऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

कोणाच्या घरी माळ्यावर कार्बाइडचा दिवा, जुना डायनामो किंवा बैलगाडीचा कंदील असेल तर छायाचित्र खाली टाका. दिव्याच्या बुडाशी किंवा मागच्या पत्र्यावर कारखान्याचे नाव उठवलेले असते, तेही जवळून घ्या. त्यावरून दिव्याचा काळ बराचसा ठरवता येतो. पुढचा धागा नगरपालिकांच्या सायकल-कराच्या पितळी बिल्ल्यांवर. ते बिल्ले असतील तर तेही चालतील.